माठाजवळची पोट्टी

मी लहानपणी भांडकुदळ होते. आताही आहे, पण आता लोक त्याला 'बाई स्पष्टवक्त्या आहेत' म्हणतात. त्या वयात गल्लीतल्या पोरींनी यावर सोपा उपाय काढला होता: मला खेळात घ्यायचंच नाही. नका घेऊ म्हटलं, गेलात उडत! मी घरी आले आणि स्वतःची मैत्रीण स्वतःच तयार केली.

ही गोष्ट पंच्याहत्तरच्या आसपासची. जरीपटक्याच्या बाजाराच्या अलीकडं आमची वस्ती होती. बाबा कापडाच्या मिलमध्ये होते, बहुतेक दुसऱ्या पाळीला. माय आणि आत्या घरी बिड्या वळायच्या. दोघी मांडीवर सूप घेऊन बसल्या की कैचीनं तेंदूपत्ता कापल्याचा आवाज आणि तंबाखूचा वास घरभर भरून राहायचा, आणि माझ्याशी बोलायला कोणाला फुरसत नसायची. मे महिन्यात बाहेर पाऊल टाकलं की माय आतूनच ओरडायची, "लू लागन वं, घरात मर!" मग मी माठाजवळच्या ओल्या जमिनीवर जाऊन बसायची. अख्ख्या घरात तेवढी एकच जागा थंड होती. तिथंच ती आली.

तिचं नाव मी ठेवलं नाही. घरात सगळे तिला 'पोट्टी' म्हणायचे, आमच्याकडं पोरीला पोट्टीच म्हणतात. ती माझ्याच एवढी होती. नाकातून बोलायची. मांजराला भ्यायची. तिला वांग्याची भाजी फार आवडायची, कारण मला आवडायची. मुख्य म्हणजे ती माझं सगळं ऐकायची, आणि मी खेळात हरले तरी मीच जिंकले असं म्हणायची. तशी मैत्रीण मला पुढं आयुष्यात मिळाली नाही.

एका दुपारी बाबा पाळीवर जायच्या आधी जेवायला बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तिले तहान लागली."

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांनी दूर उभं राहून, वरून कोणी ओतेल तेव्हा ओंजळीनं पाणी प्यायलं होतं. छप्पन साली इथंच नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि घरापुरता आपला एक कायदा केला. दारात कोणीही येवो, त्याला पाणी नाही म्हणायचं नाही. जेवणाच्या वेळी आला तर त्याला ताट. आणि आलेल्या माणसाला 'जा' असं तर तोंडातून काढायचंच नाही. या कायद्यापायी आमच्याकडं कोणकोण जेवून जायचं, त्याचा मायला फार वैताग होता.

बाबांनी माठाजवळच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. उठले, पेला भरला आणि तिथं नेऊन ठेवला.

"अवं माय!" माय म्हणाली. "आता हवेले पाणी पाजून राहिले का?"

"पोरगी म्हणते तहान लागली," बाबा म्हणाले. "आपल्याले दिसत नाही म्हणून तहान खोटी होते का?"

पेल्यामागून ताट आलं. रोज संध्याकाळी माझ्या शेजारी एक छोटी थाळी मांडली जायची, त्यात चतकोर भाकर आणि भाजी. ती जेवली असं मी जाहीर केलं की थाळीतलं मी खायची. त्या उन्हाळ्यात मी चांगली गुबगुबीत झाले. मायनं बोलून दाखवलं, पण थाळी काही बंद केली नाही.

आत्या आमच्याकडं आदल्या हिवाळ्यात आली होती. बाबांची धाकटी बहीण. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात दिलेली होती. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तशी बाबा जाऊन तिला घेऊन आले. आली तेव्हा ती दिवसभर बिड्या वळायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. मी मात्र तिच्याजवळच झोपायची, कारण तिचं अंग उन्हाळ्यातसुद्धा गार असायचं आणि ती पाठ खाजवून द्यायची. माय असली लाडीगोडी करत नसे.

एक दिवस आत्यानं माझी वेणी घातली, आणि मी उठायला लागले तर म्हणाली, "आता तिले बोलाव."

मी बोलावलं. आत्यानं हवेत तेल लावलं, हवेत भांग पाडला, गुंता सोडवताना "हालू नको वं" म्हणून दटावलंसुद्धा! मी लोळूनलोळून हसले. आत्याही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि हे आपल्यामुळं झालं म्हणून मला काय भाव आला! बाबा पाणी देतात, माय थाळी मांडते, आत्या वेणी घालते, म्हणजे अख्खं घर माझा खेळ खेळत होतं. याहून सुखाचा उन्हाळा मला आठवत नाही.

मग शाळा उघडली. पहिल्याच दिवशी एका पोरीशी माझी झिंज्या उपटून मारामारी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी जिवलग मैत्रिणी. आता माठाजवळच्या मैत्रिणीचं काम उरलं नाही. मी घरी येऊन सांगून टाकलं, "आत्या, पोट्टी गेली."

आत्यानं सुपातून मान वर केली नाही. "गेली कुठं? आत्ताच तर जेवली. झोपली हाये, हळू बोल."

मी हसले. मग पाहिलं तर आत्या हसत नव्हती.

त्याच संध्याकाळी वांग्याची भाजी होती. आत्यानं पोट्टीच्या थाळीतलं वांगं काढून बाजूला ठेवलं. "तिले वांगं नाही चालत. तोंड सुजते तिचं."

माझं डोकंच फिरलं. मैत्रीण माझी, तयार केली मी, आणि तिला काय चालतं ते मला सांगणार ही? "तिले आवडते!" मी ओरडले. "मले माहीत हाये!"

"नाही वं," आत्या शांतपणे म्हणाली. "लहानपणापासून नाही चालत."

मी मायकडं पाहिलं. माय नेहमी अशा वेळी माझ्या पाठीत धपाटा घालायची, पण ती खाली मान घालून जेवत राहिली. नंतर अंगणात मला जवळ ओढून म्हणाली, "तुह्या आत्याले एक पोरगी होती. तुह्याएवढी असताना तापात गेली. तू जन्माले याच्या आधीची गोठ. आत्याले काही विचारू नको, समजलं?" मला समजलं, आणि अर्धं समजलं नाही.

मग एके दिवशी शाळेतून आले. अंगणात पाय धूत होते, आणि घरातून आवाज आला. "मले भूक लागली."

नाकातून. तो आवाज मी बसवला होता, मी काढायची, गल्लीत दुसऱ्या कोणाला तो येत नव्हता. आणि मी तर बाहेर होते, हातात तांब्या घेऊन. लगेच आत्याचा नेहमीचा आवाज आला, "देते माय, थांब."

मी दारातून डोकावले. आत्या पाठमोरी बसून पीठ मळत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. आत्याच दोन्हीकडून बोलत होती, हे आज मी सांगू शकते. तेव्हा मी आधी माठाकडं पाहिलं. तिथं कोणी बसलेलं दिसेल अशी मला खरीच धास्ती वाटली. ज्या पोरीला मी मांजराचं भय दाखवून रडवायची, तिला मीच भ्यायला लागले.

ती होतीही आता बदललेली. पूर्वी माझं ऐकायची, आता मला ऐकवायची. ते आत्या मला आणून सांगायची, बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, सहज. "ती म्हणते, तू तिच्या जागेवर झोपते." मग माझं अंथरूण मायकडं गेलं. "ती म्हणते, लाल रिबीन तिची हाये." रिबीन गेली. मी रडले, आदळआपट केली, पण कोणाशी भांडणार? समोर कोणी नाही! माझ्यासारख्या पोरीचे याच्याहून मोठे हाल नाहीत. "ती म्हणते, माह्या मायच्या मांडीवर तू कायले बसते?" हे आत्यानं सांगितलं तेव्हा मी तिच्या मांडीवरच बसले होते. मी उठले.

त्याच आठवड्यात, मिलच्या सुटीच्या दिवशी, आत्यानं जेवायच्या वेळी तिला नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी थाळी पुढं सरकवली आणि हात धुतला.

आमच्या गल्लीच्या टोकाला विहीर होती. शाळेतून आल्यावर मी आत्याबरोबर पाण्याला जायची, माझी छोटी कळशी होती. त्या दिवशी आत्यानं बादली सोडली नाही. दोर हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ती म्हणते, वाकून पाह, आत कोण हाये."

मला पाहायचं नव्हतं. पण आत्या सांगते म्हणून मी काठावर हात टेकले आणि वाकले. तेवढ्यात मागून माझी वेणी अशी जोरात ओढली गेली, की मी आत्याच्या पायांवर पडले. ओढली आत्यानंच. दोर, बादली, कळशी सगळं तिथंच टाकून तिनं मला उचललं आणि घरी आणलं. रस्त्यात माझ्या केसांत तोंड खुपसून म्हणत राहिली, "मी नाही बोलली वं, मी नाही बोलली." तेव्हा मला कळलं की पोट्टीला आत्याही भिते.

बाबा पाळीवरून आले, तसं मायनं हे त्यांना सांगितलं. शेजारची काकू तिथंच होती, ती म्हणाली, "बाहेरचं लागलं हाये. भगताले बोलवा, लिंबू उतरवा."

"लिंबू या घरात फक्त वरणात पिळाले येते," बाबा म्हणाले.

"मग पागलखान्यात न्या! पोरीचा जीव गेल्यावर नेसान का?"

काकू गेल्यावर माय आणि बाबा कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत बसले. मी दाराआड होते. माय रडत होती. बाबा म्हणाले, "डॉक्टरले दाखवतो पुढच्या आठवड्यात. ठेवून घेतो म्हणले तर ठेवावं लागन. काय करू? पोरगीही माही, बहीणही माही." आमच्या वस्तीतला एक माणूस त्या पागलखान्यात गेला होता. त्याला परत आलेला मी पाहिला नव्हता. माझी आत्या जाणार होती, आणि ती पोट्टी तिच्याबरोबर जाणार होती. आत्याला माझ्याकडून कायमची घेऊन जाणार होती. मला असा संताप आला, की भीती पार पळाली.

मी आत जाऊन म्हटलं, "तिले हाकला ना!"

"या घरातून कोणाले हाकलत नाही," बाबा म्हणाले. सवयीनंच म्हणाले, आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला.

मी विचार केला. आमच्या गल्लीतून पोरी जायच्या तर होत्याच. हसतखेळत, वाजतगाजत जायच्या, आणि कोणी त्यांना हाकललं असं म्हणत नसे. मी म्हटलं, "मग तिचं लग्न करून द्या."

"भैताडासारखी काहीही बोलू नको," बाबा म्हणाले.

"थांबा," माय म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. "काय म्हणते ते ऐका. पोरगी देल्ली म्हणजे हाकलली का? सासरी गेली म्हणतात तिले."

"लहान पोरीचं लग्न कायद्यात बसत नाही," बाबा म्हणाले. हे खरंच म्हणाले! माझा बाप असा.

"पोरगा कुठून आणाचा?" माय म्हणाली.

"मी आणते," मी म्हटलं. "ती आणली, तसा त्यालेही आणीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी माय आत्याच्या शेजारी सूप घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, एक चांगलं स्थळ आलं हाये. पोट्टीसाठी."

आत्याचे हात थांबले. मला वाटलं आता ही ओरडणार. तिनं माठाकडं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हाव. असती तर... मोठी झाली आता माही पोरगी. लग्नाची झाली."

आणि मग काय विचारता! आत्या वधूमाय झाली. पोरगा काय करते? मी म्हटलं रेल्वेत हाये. कुठं राहते? इटारसीले. मुद्दाम लांबचं गाव सांगितलं, वारंवार माहेरी यायला नको. दारू पिते का? नाही. सासू कशी हाये? सासूच नाही! यावर आत्याचा चेहरा असा खुलला, की मायला तोंडावर पदर घ्यावा लागला. पुढं म्हातारपणी आत्या यावरून मला चिडवायची, "तुह्या त्या जावयानं एक पोस्टकार्ड तरी टाकलं का वं?"

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा तो आवाज आला. "मले नाही जायाचं." आम्ही सगळे ऐकत होतो. माय जागच्या जागी थिजली. आत्यानं डोळे मिटले, आणि आपल्या आवाजात म्हणाली, "जा माय. पोरीले जावंच लागते. मी हाये ना इथं, मी ठीक हाये." नाकातला आवाज पुन्हा आला नाही.

आता बाबांचा प्रश्न होता. खोटं बोलायचं नाही ही तर पंचशीलातलीच गोष्ट, मग नसलेल्या पोरीचं लग्न लावणार कसं? बाबांनी त्यातून वाट काढली. "बुद्धाच्या फोटोसमोर मी रोज वंदना म्हणतो, आजही म्हणीन. तेव्हा मागं तुम्ही काय करता, ते मी पाहणार नाही." ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील म्हणाले. मागं मायनं पाटावर ठेवलेल्या, आमच्यात नवरी नेसते तशा पांढऱ्या साडीवर एक हार ठेवला, इटारसीच्या जावयाच्या नावानं ठेवलेल्या टोपीवर दुसरा. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. काही हसायला आल्या होत्या, पण आत्याचा चेहरा पाहून कोणी हसलं नाही. सगळ्यांनी फुलं टाकली. मायनं गव्हाची खीर केली होती, ती मी दोनदा घेतली.

पाठवणीसाठी गल्लीतल्या ओळखीच्या सायकलरिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. तो दारात आला. आत्यानं साडी घडी करून सीटवर ठेवली, सारखी केली, मागं सरली. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं.

"सवारी कुठं हाये?"

मायनं माझा हात घट्ट धरला. आत्या बाबांकडं पाहत होती.

"बसली हाये," बाबा म्हणाले. "नीट ने बाप्पा. आमची पोरगी हाये."

रिक्षा निघाली. आत्या चार पावलं तिच्यामागं गेली आणि पोरीला नावानं हाक मारून रस्त्यातच खाली बसली. मग जी रडायला लागली! आमच्या गल्लीत पाठवण्या खूप झाल्या होत्या, पण असं रडणं मी ऐकलं नव्हतं. बायका तिच्याभोवती बसल्या. काकू, जी भगताला बोलवा म्हणत होती, तीच सगळ्यांत जोरात रडत होती. रिक्षा कोपऱ्यावरून वळली, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, गेली एकदाची.

मी जाऊन आत्याच्या मांडीवर बसले. तिनं मला उठवलं नाही. माझ्या डोक्यावरून बाबांकडं पाहत ती बोलायला लागली, तुटक तुटक.

"रोवणीचे दिवस होते गा भाऊ. सकाळी ती गेली. दुपारी सासूनं मले धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावाले उभं केलं. पाणी पडून राहिलं होतं, रोवणी थांबत नाही म्हणे. तिथं रडली तर बाया म्हणत, हात चालव. मले कोणी रडूच देल्लं नाही."

मिलचा भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचा. बाबांनी आजवर पाळी चुकवलेली कोणाला आठवत नव्हती. ते इस्त्रीच्या सदऱ्यानिशी आत्याजवळ धुळीत बसले.

"आज मी जात नाही," ते म्हणाले. "तू रड."